मधली सुट्टी : खुळ्याचा पवित्रा

मुलांनो,

आज सुरुवातीलाच एक कबुली देते. पुढची गोष्ट घडली त्यात चूक माझी होती.

झालं असं. एका रविवारी टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला होता. लोखंडी चिलखतं घातलेले सरदार, घोडे, दगडी किल्ला आणि ही एवढी लांब तलवार! आमच्या चौथीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो पाहिला. सोमवारी मधल्या सुट्टीत डबे कसेबसे संपवले आणि पोरं शाळेच्या मागं पळाली. तिथं तुराट्यांचा ढीग रचून ठेवला होता. मग काय, प्रत्येकाच्या हातात तलवार! मी कार्यालयात कागद भरत बसले होते. पाच मिनिटांत जाऊ म्हटलं, त्याची वीस मिनिटं झाली. तेवढ्यात रडणं ऐकू आलं.

वर्गातल्या एका मुलाच्या भुवईवर तुराटीचं टोक लागलं होतं. डॉक्टरांनी दोन टाके घातले आणि मला म्हणाले, "बाई, बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या तुराट्या उचलायला लावल्या, लाकडी पट्ट्या कपाटात कुलूपबंद केल्या आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "तलवारबाजी बंद!"

तिसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला. खेळाच्या तासाला बाहेर गेलाच नाही. कुणाच्या हातात साधी पेन्सिल दिसली तरी दचकायचा. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं तो म्हणाला,

"बाई, सिनेमातले ते दोघं समोरासमोर आल्यावर लगेच का मारत नाहीत? एक जण तलवार खांद्यावर धरून उभा, दुसरा टोक खाली करून उभा. नुसते उभेच! मी तर लगेच मारायला लागलो. मग मलाच लागलं."

खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. "शोधून सांगते," म्हटलं. मग जे सापडलं ते आधी त्याला सांगितलं, नंतर वर्गाला, आणि आज तुम्हांला सांगते आहे.

नुसतं उभं राहणं नव्हे हं!

पहिल्यांदा एक शब्द घेऊ, 'पवित्रा'. वर्तमानपत्रात तुम्ही वाचलं असेल, 'अमक्या संघटनेने आक्रमक पवित्रा घेतला.' पण हा शब्द मूळचा आखाड्यातला. लाठी, दांडपट्टा, कोल्हापूरचे मर्दानी खेळ यांत वार करण्याआधी पाय कुठं, हात कुठं, हत्यार कसं, हे सगळं ठरलेलं असतं. तोच पवित्रा.

तिकडे युरोपातही तसंच होतं. तिथल्या तलवारीशी आपली जुनी ओळख आहे, बरं का. इतिहासाच्या पुस्तकात 'फिरंग' हा तलवारीचा प्रकार वाचला असेल. युरोपातून आलेलं सरळ पातं आपल्याकडच्या मुठीत बसवलं की ती झाली फिरंग. पातं आपल्याकडे आलं, पण ते चालवण्याची तिकडची विद्या तिकडच्या पुस्तकांतच राहिली.

हो, पुस्तकांत! सातशे वर्षांपूर्वीचं असं एक पुस्तक अजून शिल्लक आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे हस्तलिखित इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. तलवारबाजीवरचं युरोपातलं सगळ्यात जुनं उपलब्ध पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यातल्या चित्रांत एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ताटलीएवढी छोटी ढाल. आणि शिकवणारा कोण? एक पाद्री! समोर त्याचा विद्यार्थी. म्हणजे गुरुजी आणि शिष्यच की! पाद्रीबाबा पहिल्या पानापासून काय शिकवतात? घाव नव्हे, तर सात पवित्रे. तलवार बगलेत, उजव्या खांद्यावर, डाव्या खांद्यावर, डोक्यावर, उजव्या कुशीला, छातीशी, आणि सातवा म्हणजे टोक लांब पुढं. मुलींनो, एक गंमत सांगू? पुस्तकाच्या शेवटी शेवटी त्या पाद्र्यासमोर एक बाई तलवार घेऊन उभी आहे. तिचं नाव वाल्पुर्गिस. तीही तितक्याच ऐटीत पवित्रा घेते.

तलवार एक, दारं चार

आता जर्मनीत जाऊ. चौदाव्या शतकात तिथं योहानेस लिश्टेनाउअर नावाचे तलवारीचे गुरुजी होऊन गेले. दोन्ही हातांनी धरायची लांब दुधारी तलवार ते शिकवायचे. ही तलवार साधारण सव्वा मीटर लांब आणि वजनानं दीड किलोच्या आतबाहेर. सिनेमात ती उचलताना नट घामाघूम होतात. प्रत्यक्षात ती एवढी जड नसे. दप्तर उचलणाऱ्या तुम्हांला तर काहीच वाटणार नाही!

या गुरुजींनी आपली विद्या पद्यात बांधली. आपण पाढे तालावर म्हणतो ना, तसं. पण शब्द मुद्दाम कोड्यातले वापरले. परक्यानं ऐकलं तर त्याला काही कळू नये म्हणून! पुढं त्यांच्या परंपरेतल्या शिष्यांनी त्या ओळींचे अर्थ लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते समजतात.

गुरुजींनी आधी अंगाचे चार भाग पाडले. कमरेच्या वर उजवीकडे, वर डावीकडे. कमरेच्या खाली उजवीकडे, खाली डावीकडे. या चार उघड्या जागा. आपण त्यांना चार दारं म्हणू. घाव कुठूनही आला तरी या चारपैकी एका दारानंच येणार.

आता हिशेब करा. दारं चार, तलवार एक. एका तलवारीनं चारही दारं एकाच वेळी बंद होतील का? कधीच नाही! एक बंद करावं तर दुसरं उघडं पडतं.

आमच्या भुवईवाल्या मुलानं काय केलं होतं, माहीत आहे? त्यानं चारही दारं एकदम बंद करायला बघितलं. तुराटी गरागरा फिरवली, इकडे, तिकडे, वर, खाली. आणि भीतीनं डोळे गच्च मिटले. मग टोक कुठून आलं हे कळणार कसं?

जुने तलवारबाज असं करत नसत. कोणतं दार बंद ठेवायचं आणि कोणतं उघडं टाकायचं, हे ते आधीच ठरवत. पवित्रा म्हणजे तेच ठरवणं.

बैल, नांगर, खुळा आणि दिवस

लिश्टेनाउअर गुरुजी सांगत, पवित्रे चारच पुरेत, बाकीच्यांच्या मागं लागू नका. त्यांची नावं ऐकून आमचा वर्ग खो खो हसला.

पहिला पवित्रा 'ऑक्स', म्हणजे बैल. मूठ डोक्याच्या बाजूला उंच धरायची आणि टोक समोरच्याच्या तोंडाकडं रोखायचं. बैल शिंगं रोखून उभा राहतो ना, अगदी तसं.

दुसरा 'प्फ्लूग', म्हणजे नांगर. हात कमरेपाशी, टोक तिरकं वर, समोरच्यावर रोखलेलं. आमच्या वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं हे नाव ऐकताच दोन्ही हात असे कमरेशी आणले, की जणू रुमणंच धरलंय!

तिसरा 'फॉम टाग'. जर्मन भाषेत 'टाग' म्हणजे दिवस. दिवसाकडून, म्हणजे आभाळाकडून, वरून. काही जण इथं 'छप्पर' असाही अर्थ लावतात. तलवार खांद्याजवळ किंवा डोक्यावर उभी धरायची. तिथून घाव घालायला क्षणाचाही वेळ लागत नाही.

आणि चौथा 'आल्बर', म्हणजे खुळा! दोन्ही हात खाली, तलवारीचं टोक पुढं जमिनीकडं. डोकं, छाती, सगळं उघडं. बघणाऱ्याला वाटावं, याला काही येत नाही, हा खुळाच आहे.

हे चारच का? मी फळ्यावर चार घरांचा तक्ता काढला, तेव्हा मला स्वतःलाच ते नीट उमगलं. तुम्हीही वहीत काढा. वरच्या ओळीत 'हात वर', खालच्या ओळीत 'हात खाली'. एका उभ्या रांगेत 'टोक समोर', दुसरीत 'टोक समोर नाही'. आता भरा. हात वर, टोक समोर : बैल. हात खाली, टोक समोर : नांगर. हात वर, टोक आभाळाकडं : दिवस. हात खाली, टोक जमिनीकडं : खुळा. चारही घरं भरली की नाही?

बैल आणि नांगर समोरच्याला टोकाचा धाक दाखवतात. "पुढं आलास तर स्वतःच टोकावर येशील!" दिवस घावाचा धाक दाखवतो. आणि खुळा? तो कसलाच धाक दाखवत नाही. उलट बोलावतो. "ये, माझं डोकं उघडं आहे, मार!"

इथंच खरी मेख आहे. समोरचा मोहात पडून डोक्यावर घाव घालतो. पण तो कुठं येणार हे खुळ्याला आधीच माहीत असतं. दार त्यानंच तर उघडं ठेवलेलं असतं! चार दारांवर नजर ठेवायची त्याला गरजच नाही. घाव निघाला की तो खालून तलवार उचलतो, मुठीजवळच्या भक्कम भागावर घाव झेलतो आणि टोक समोर नेतो.

मात्र एक अट आहे. डोळे उघडे हवेत. डोळे मिटलेला खुळा हा खरोखरच खुळा!

प्रत्येकाला उत्तर आहे

"मग बाई, सगळ्यांत भारी पवित्रा कोणता?" वर्गातून प्रश्न आलाच.

कोणताच नाही. तुम्ही दगड-कागद-कात्री खेळता ना? त्यात सगळ्यात भारी काय? काहीच नाही, कारण प्रत्येकाला हरवणारं कुणीतरी आहे. इथंही गुरुजींनी प्रत्येक पवित्र्यावर एकेक घाव सांगून ठेवला आहे. बैलाचे हात वर असतात, म्हणून त्या हातांकडं जाणारा 'वाकडा घाव'. दिवसावर 'आडवा घाव'. त्यात हात वर नेऊन तलवार आडवी फिरवायची, म्हणजे डोक्यावर छत्रीही झाली आणि घावही झाला. नांगरावर 'तिरळा घाव'. आणि खुळ्यावर? 'भांगाचा घाव'! डोक्यावर केसांचा भांग पाडतो ना, त्याच रेषेवर वरून येणारा.

भांगाचा घाव खुळ्याला का पुरून उरतो, हे घरी बघता येईल. भिंतीसमोर उभे राहा. हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढं करा आणि बोटांची टोकं भिंतीला जेमतेम टेकतील एवढ्या अंतरावर थांबा. आता पाय न हलवता तोच हात ताठ ठेवून कमरेच्या उंचीला आणा. बोटं भिंतीपासून सुटली ना? खांद्याच्या पातळीवरचा हात सगळ्यात लांब पोहोचतो, खाली असलेला कमी. घाव घालणाऱ्याचे हात वर, खुळ्याचे खाली. म्हणून घाव घालणारा लांबून पोहोचतो, खुळा पोहोचत नाही. भूमिती शाळेबाहेरही उपयोगी पडते ती अशी!

म्हणूनच एका पवित्र्यात फार वेळ रेंगाळू नये, असं त्या परंपरेतल्या एका जुन्या हस्तलिखितात बजावलं आहे. हे हस्तलिखित जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे. पवित्र्यासाठी त्या जुन्या जर्मन भाषेत दोन शब्द आहेत. एक 'हूट', म्हणजे राखण. दुसरा 'लेगर', म्हणजे तळ, मुक्काम. मला हा दुसरा शब्द फार आवडला. फौज तळ टाकते ती कायमची राहायला नव्हे. दम घ्यायचा, आजूबाजूला पाहायचं आणि पुढं निघायचं. तळावर घर बांधून बसलं की शत्रू येऊन वेढा घालणारच!

राणडुकराचा दात आणि हत्तीवरचा किल्ला

इटलीतल्या गुरुजींना चार पवित्रे काही पुरले नाहीत. फिओरे देई लिबेरी हे त्यांचं नाव. १४१० च्या आसपास त्यांनी आपलं चित्रमय पुस्तक तयार केलं. नाव किती छान, 'लढाईचं फूल'! त्याची एक सुंदर प्रत अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यांचे लांब तलवारीचे पवित्रे बारा. लोखंडी दरवाजा, खिडकी, मुकुट, लांब शेपूट, बाईसाहेबांचा पवित्रा आणि राणडुकराचा दात. राणडुक्कर सुळा खालून वर मारतं ना? या पवित्र्यातली तलवारही खालून वर येते. नाव ऐकलं की घाव लक्षात! या पुस्तकात पवित्रा घेतलेल्या गुरुजींच्या डोक्यावर मुकुट काढला आहे.

याच पुस्तकातलं एक चित्र मी वर्गाला दाखवलं. मधोमध एक माणूस आणि त्याच्या चार बाजूंना चार प्राणी. डोक्यापाशी लिंक्स नावाची रानमांजर, हातात कर्कटक घेऊन. ती म्हणजे शहाणपण, अंतर मोजून पाहणारं. एका हाताशी बाण घेतलेला वाघ, म्हणजे वेग. दुसऱ्या हाताशी हृदय घेतलेला सिंह, म्हणजे धाडस. आणि पायांपाशी पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती, म्हणजे भक्कमपणा. पाय हत्तीचे, डोळे रानमांजरीचे! घाई करणारा वाघ तर आम्हां सगळ्यांत असतोच. आमच्या सोमवारच्या लढाईत वाघ आणि सिंह भरपूर होते, पण रानमांजर एकही नव्हती.

१५७० मध्ये स्ट्रासबर्ग शहरात योआखिम मायर यांचं छापील पुस्तक निघालं. हे गृहस्थ सुऱ्या-तलवारी घडवणारे कारागीर. त्यांनीही जुने चार पवित्रे मुख्य ठेवून आणखी आठ जोडले. त्यांत एक 'किल्ली' आहे आणि एक 'एकशिंगी घोडा'. पण मला त्यांची वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्यांच्या काळी गावोगावचे कारागीर लांब तलवार खेळ म्हणून शिकत, त्यासाठी बोथट तलवारी वापरत, आणि त्या खेळात टोक खुपसण्याची पद्धत जर्मन लोकांत राहिली नव्हती. पाहिलंत? साडेचारशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या माणसांनाही कळलं होतं, की खेळात टोक पुढं करायचं नाही. आमच्या मुलाला लागलं ते टोकच.

नावांचे झाले आकडे

मग बैल, खुळा, राणडुक्कर ही मंडळी गेली कुठं? त्याचं असं झालं. १५५३ मध्ये रोममध्ये कामिल्लो आग्रिप्पा यांचं पुस्तक छापलं गेलं. हे होते बांधकामशास्त्र आणि गणित जाणणारे. त्यांनी सगळ्या नावांना फाटा दिला आणि पवित्र्यांना सरळ क्रमांक दिले : पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. म्यानातून तलवार उपसली की हात जिथं येतो तो पहिला. तिथून हात उतरत जातो तसे पुढचे.

ही आकड्यांची पद्धत टिकली. आजच्या फेन्सिंगमध्ये एक ते आठ क्रमांक शिकवतात. फेन्सिंग १८९६ च्या पहिल्या अथेन्स ऑलिंपिकपासून आहे. ऑलिंपिकच्या फेन्सिंगमध्ये उतरणारी पहिली भारतीय खेळाडू आपल्याच देशातली एक मुलगी, चेन्नईची सी. ए. भवानी देवी. '२०२०' चं टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तेव्हा तिनं पहिली लढत १५-३ अशी जिंकली. पुढच्या लढतीत ती हरली, पण आपल्या देशासाठी दार उघडून गेली. तिचा प्रकार 'सेबर'. त्यात तिसरा आणि चौथा क्रमांक दोन बाजू राखतात आणि पाचवा डोकं राखतो. म्हणजे नाव गेलं, पण दारं तीच!

आणि जुने पवित्रे? लांब तलवार शिकवणारी गुरुजींची परंपरा मधेच खंडित झाली. पण पुस्तकं उरली होती. आता निरनिराळ्या देशांतले हौशी लोक ती हस्तलिखितं वाचून, चित्रं पाहून, तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात जाड मोजे आणि अंगात गादीसारखं जाकीट घालून ते पवित्रे पुन्हा शिकतात. वाचून लढणारी माणसं! मला तर फार कौतुक वाटतं.

करून पाहा

पहिला प्रयोग : घरातला झाडू एका टोकाला दोन्ही हातांनी धरा आणि आडवा पुढं करा. मित्राला सांगा, दुसऱ्या टोकाला एका बोटानं खाली दाब. झाडू खाली जातो ना? आता त्याला तुमच्या हाताजवळ बोटानं दाबायला सांगा. हलत नाही! मुठीजवळचा भाग 'भक्कम', टोकाकडचा 'दुबळा'. जुने गुरुजी तलवारीचे असेच दोन भाग करत. घाव झेलायचा तो भक्कम भागावर.

दुसरा प्रयोग : वर्तमानपत्राची सैल सुरळी करा. दोघं समोरासमोर उभे राहा, पण इतक्या लांब की दोघांनी सुरळ्या पुढं केल्या तरी एकमेकींना लागणार नाहीत. एकानं चारपैकी एक पवित्रा घ्यायचा. दुसऱ्यानं फक्त तोंडानं सांगायचं, "तुझं कोणतं दार उघडं आहे." बरोबर आलं की एक गुण. मारायचं नाही, धावायचं नाही. काठी, तुराटी, पट्टी घ्यायची नाही. आमच्या वर्गात हा खेळ इतका रंगला, की मधली सुट्टी संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही. आणि सगळ्यात जास्त गुण कुणी मिळवले? जी मुलगी कधी हात वर करत नाही, तिनं! ती रोज गप्प बसून सगळं बघत असते, हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या गप्प राहण्याला मी वर्षभर भलतंच समजत होते. खुळ्याच्या पवित्र्यात मीच फसले, म्हणा ना!

आई-बाबांसाठी दोन शब्द

हातात काठी आली की मूल तलवारबाज होतं. हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी केलं आहे. मी आधी नुसती बंदी घातली. तिचा उपयोग चार दिवस झाला. पाचव्या दिवशी मुलं माझी नजर चुकवून देवळामागं खेळू लागली. बंदीपेक्षा नियम बरे, आणि नियमांचं कारण सांगितलं तर आणखी बरं. टोकदार वस्तू नाही. तोंडाकडं काही न्यायचं नाही. मोठं माणूस जवळ हवं, आणि ते खरोखर जवळ हवं. माझ्यासारखं कागदात डोकं घालून नव्हे. डोळ्याला काही लागलंच तर चोळू देऊ नका, घरगुती औषध घालू नका, थेट डॉक्टरांकडं न्या.

आणि तो मुलगा?

त्याचे टाके निघाले. भुवईवर छोटा पांढरा व्रण राहिला आहे. सुरळीचा खेळ सुरू झाला तेव्हा पहिले दोन दिवस तो नुसता खिडकीतून बघत होता. तिसऱ्या दिवशी आला. म्हणाला, "बाई, मी नांगर घेतो." हात कमरेशी, सुरळीचं टोक वर. समोर कोण उभा होता, सांगू? ज्याच्या तुराटीनं त्याला लागलं होतं, तोच. तोही बिचारा दोन आठवडे कुणाशी नीट बोलत नव्हता.

त्यानं सुरळी हळूच वर नेली. आमच्या मुलाचे डोळे मिटले. पुन्हा उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा उघडले. मग उघडेच ठेवून तो म्हणाला,

"तुझी खालची दोन्ही दारं उघडी आहेत."

"हो रे!" समोरचा म्हणाला, आणि दोघंही हसले.

त्याची भीती सगळी गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही सुरळी जोरात हलली की त्याची पापणी लवते. पण आता तो मागं पळत नाही. उभा राहतो आणि बघतो.

या आठवड्याचं कोडं : फिओरे गुरुजींच्या 'खिडकी' या पवित्र्यात मूठ डोक्याजवळ उंच असते आणि टोक समोरच्यावर रोखलेलं असतं. तर आपल्या चार घरांच्या तक्त्यात ही खिडकी कुणाच्या घराला बसवाल? वहीत लिहून ठेवा. उत्तर पुढच्या मधल्या सुट्टीत!

तोवर सांभाळून खेळा. डोळे उघडे ठेवा.

तुमच्या,
बाई